पाइपाच्या आत चालणारी गाडी: एल्बोत चाक सुटतं, स्प्रिंग ताठ करू का?

सळई_सरळ

नमस्कार मंडळी. पाइपाच्या आतून जाऊन तपासणी करणारी छोटी गाडी बनवतोय. पुढे कॅमेरा, मागे केबल. पाइप ८ इंची, शेड्यूल ४० (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा वर्ग), म्हणजे आतला व्यास २०२.७ मिमी. गाडीला पुढे एक आणि मागे एक अशी दोन कडी आहेत, त्यांच्यात २०० मिमी अंतर. प्रत्येक कड्यात १२० अंशांवर तीन हात, हाताच्या टोकाला चाक. हात छत्रीच्या काड्यांसारखे उघडून भिंतीवर दाबून बसतात. सहाही चाकं एकाच वेगाने फिरतात.

सरळ पाइपात झकास पळते, उभ्या पाइपातही चढते. पण ९० अंशांच्या एल्बोत, म्हणजे वळणाच्या तुकड्यात, शिरली की बाहेरच्या बाजूचं एखादं चाक हवेत फिरायला लागतं, बाकीची रबर घासत किंचाळतात आणि गाडी अर्ध्यात अडकते. टीममधल्या सगळ्यांचं मत एकच: स्प्रिंग दुप्पट ताठ टाक. मला काही ते पटत नाही, पण का पटत नाही तेही नीट सांगता येत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाच_एक

पाइपातून गाडी! आधी टोलनाका कुठे येणार ते ठरवा, स्प्रिंगचं नंतर बघू. बाकी वाचतोय.

त्रिज्या

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. दोन प्रश्न. एल्बो लाँग रेडियस, म्हणजे मोठ्या त्रिज्येच्या वळणाचा, आहे ना? आणि सरळ पाइपात असताना स्प्रिंग किती दबलेली असते? चाकापाशी, त्रिज्येच्या दिशेने मोजलेली सांगा.

सळई_सरळ

लाँग रेडियस. दाब म्हणाल तर चाकापाशी सुमारे ५ मिमी. तेवढ्यात प्रत्येक चाकावर ५० न्यूटनच्या आसपास जोर येतो.

त्रिज्या

मग घोळ तिथेच आहे. ८ इंची लाँग रेडियस एल्बोच्या मध्यरेषेची त्रिज्या ३०५ मिमी. म्हणजे बाहेरची भिंत वळणाच्या केंद्रापासून साधारण ४०६ वर आणि आतली २०४ वर. आता गाडी त्यात आडवी ठेवा. ती ताठ आहे, वाकत नाही. तिची दोन्ही कडी मधल्या बिंदूपासून १००-१०० मिमीवर. कड्याचं प्रतल पाइपाला काटकोनात राहत नाही, तिरकं कापतं. त्या तिरक्या रेषेवर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अंतर काढलंत (पायथागोरस, दुसरं काही नाही) तर ३९३.५ वजा १७७.८, म्हणजे जवळपास २१६ मिमी येतं.

थोडक्यात, तुमच्या चाकांना २०२ चा पाइप अचानक २१६ चा वाटतो. हात तीन असल्यामुळे नेमका आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण प्रत्येक हाताला सुमारे ७ मिमी जास्त उघडावं लागतं हे धरून चाला. स्प्रिंग दबलेली ५ मिमी. दोन मिमी कमी पडले, चाक हवेत. स्प्रिंग दुप्पट ताठ केलीत तरी ती ५ मिमीनंतर संपणारच. उलट तोच ५० न्यूटन जोर ठेवून ताठ स्प्रिंग बसवलीत तर ती अडीच मिमीतच संपेल.

हवी ती मऊ स्प्रिंग, भरपूर दाबून बसवलेली. समजा मिमीला २ न्यूटन, २५ मिमी दाबलेली. सरळ पाइपात तेच ५० न्यूटन. एल्बोत ७ मिमी सैल झाली तर १४ गेले, ३६ उरले. पकड शिल्लक.

अण्णा_फिटर

त्रिज्या यांच्याशी सहमत. वर एक भर घालतो. लाइन कागदावर शेड्यूल ४० ची असते, पण मध्ये दुरुस्तीत कोणीतरी शेड्यूल ८० चा तुकडा घातलेला असतो. बाहेरून कळत नाही, कारण बाहेरचा व्यास दोघांचाही २१९.१. आतून मात्र १९३.७. म्हणजे तुमची गाडी सरळ पाइपातच ९ मिमी अरुंद जागेत शिरणार. शिवाय वेल्डचं रूट (जोडाची आतली कड) आत आलेलं असतं, दोन-तीन मिमी सहज. ज्याची स्प्रिंग ५ मिमीत संपते त्याची गाडी प्रत्यक्ष लाइनीत टाकूच नये, टेस्ट पाइपातच खेळवावी.

आणि शॉर्ट रेडियस एल्बो कुठे नाही ना, ते दोनदा विचारा.

त्रिज्या

अण्णांच्या शेवटच्या ओळीसाठी हिशोब करून पाहिला. शॉर्ट रेडियसमध्ये मध्यरेषा २०३ वर येते. त्याच २०० मिमीच्या गाडीसाठी ते अंतर २६७ मिमी होतं. तिथे स्प्रिंग मऊ असो की ताठ, ही गाडी वळत नाही. कडी जवळ आणावी लागतील, नाहीतर मध्ये सांधा देऊन दोन डबे करावे लागतील.

मधुरा_के

अर्धी गोष्ट झाली, उरलेली अर्धी वेगाची. "सहाही चाकं एकाच वेगाने" हे वाक्य वाचून मी थबकले. समजा एक हात बरोबर बाहेरच्या भिंतीवर आहे. एल्बो संपेपर्यंत त्याचं चाक ६३८ मिमी चालतं, बाकी दोन हातांची चाकं सुमारे ४०० मिमी. फरक २३८ मिमीचा. तो कुठेतरी घसरून भरून निघणारच, तुमचं रबर किंचाळतंय ते म्हणून. पकड चांगली केलीत तर किंचाळणं वाढेल आणि मोटर जास्त करंट ओढेल.

यात एक गंमत आहे. हात १२० अंशांवर असले की गाडी पाइपात कशीही फिरलेली असो, तिन्ही चाकांच्या अंतरांची सरासरी मध्यरेषेइतकीच येते. म्हणून एक मोटर आणि तीन बाजूंना वाटणारा डिफरन्शियल असा उपाय निघतो. दक्षिण कोरियाच्या सुंगक्युनक्वान विद्यापीठात एमआरइन्स्पेक्ट नावाची अशा गाड्यांची मालिकाच आहे, तिच्या सहाव्या गाडीत असा डिफरन्शियल वापरला. आपल्याकडे हैदराबादच्या ट्रिपल आयटीतही तीन आउटपुटच्या डिफरन्शियलवर काम झालंय.

कोडकरी

डिफरन्शियल दिसायला देखणा, पण उघडा डिफरन्शियल म्हणजे एक चाक हवेत गेलं की सगळा वेग त्यालाच, आणि बाकीच्यांनाही त्याच्याइतकाच, म्हणजे जवळपास शून्य टॉर्क. तीन चाकांपैकी एक सुटलं तर उरलेली दोन बसून राहणार. धागाकर्त्याचा मूळ प्रॉब्लेमच चाक सुटण्याचा आहे! त्यापेक्षा प्रत्येक हाताला वेगळी मोटर द्या आणि वेगाऐवजी करंट सांभाळा. तिघींना सारखा टॉर्क, वेग ज्याचा त्याने ठरवावा. डिफरन्शियल जे करतो तेच, शिवाय सुटलेल्या चाकाला वेगाची कमाल मर्यादा लावता येते.

मधुरा_के

तीन मोटरी, तीन ड्रायव्हर, तीन एन्कोडर, केबलमध्ये तेवढ्या जास्त तारा. पाणी शिरायला तेवढ्या जास्त जागा. कोडमध्ये सगळं सोपं दिसतं. :-)

कोडकरी

ड्रायव्हर गाडीतच ठेवायचे हो. केबलमधून दोन तारा वीज आणि दोन तारा संवाद, बस्स.

उगाच_एक

दोघांचं भांडण छान रंगलंय, पण एक बाळबोध शंका. पाइप लोखंडी आहे ना? मग चुंबकाची चाकं लावा, स्प्रिंगचा धागाच बंद.

अण्णा_फिटर

लोखंडी पाइपात चुंबक चालतो, चांगला चालतो. पण स्टेनलेसच्या ३०४-३१६ मध्ये धरत नाही, प्लास्टिकात तर नाहीच. आणि जुन्या पाइपातला गंज, वेल्डिंगचे कण, सगळं चाकाला दाढीसारखं चिकटतं. मग चाक गोल राहत नाही. काढायला बसा ब्रश घेऊन.

नवशिका_पण_हौशी

मग पिग (प्रवाहाबरोबर पाइपातून सरकत जाणारा बोळा) का नाही वापरत? पाइपलाइनवाले तेच टाकतात ना?

अण्णा_फिटर

पिगला मागून ढकलणारा प्रवाह लागतो, टाकायला लाँचर आणि काढायला रिसीव्हर लागतो. जिथे प्रवाह कमी, व्यास मध्येच बदलतो किंवा तोंडच नाही, तिथे पिग जात नाही. स्वतःच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या तशा लाइनींसाठीच.

भटका_वाचक

अवांतर: भिंतींना टेकून चढणाऱ्या गाड्यांवरून गिझाच्या मोठ्या पिरॅमिडची आठवण झाली. तिथल्या राणीच्या दालनातून निघणारे जेमतेम २० सेंमीचे चौकोनी बोगदे आहेत, चढ सुमारे ४० अंशांचा. १९९३ मध्ये रुडॉल्फ गांटेनब्रिंक यांनी उपुआउत-२ नावाचा रोबो दक्षिणेकडच्या बोगद्यात पाठवला. तो खाली जमिनीवर आणि वर छतावर एकाच वेळी दाबून चालायचा. वर गेल्यावर तांब्याच्या दोन खिळ्यांचा दगडी अडसर दिसला आणि जगभर गाजला. लोक अडसराविषयीच बोलत राहिले. मला मात्र तेव्हापासून प्रश्न पडलाय की दगडी जमीन खडबडीत असताना छताला तो किती जोराने दाबत असेल.

उगाच_एक

अवांतराला अवांतर: न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड बीच यांनी १८७० साली अख्खी माणसं बसतील असा डबा नळीतून हवेच्या दाबाने चालवून दाखवला होता. नळी ८ फुटी व्यासाची. त्याआधी १८६३ मध्ये लंडनात टपाल असंच जायला लागलं. म्हणजे माझा टोलनाक्याचा मुद्दा अगदीच फालतू नव्हता.

सळई_सरळ

पिरॅमिड भारी. मूळ मुद्द्यावर येतो. मऊ स्प्रिंग २५ मिमी दाबून बसवायची म्हणजे हाताच्या मागे तेवढी जागा हवी. गाडीचं अंग आधीच भरलेलं आहे. कुठे बसवू?

त्रिज्या

त्रिज्येच्या दिशेने बसवूच नका. पाइपाच्या अक्षाच्या दिशेने बसवा, तिथे लांबी मिळते. दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या, वरच्या सांध्याला चाक. एका पट्टीचं खालचं टोक अंगाला पक्कं, दुसरीचं सरकत्या कॉलरवर. स्प्रिंग कॉलरला आत ढकलते. पट्टी अक्षाशी जेवढा कोन करते त्याच्या टॅन्जंटच्या दुप्पट, गुणिले स्प्रिंगचा जोर, म्हणजे चाकावरचा दाब.

याचा फायदा असा की पाइप रुंद झाला की स्प्रिंग सैल होते, पण कोन वाढतो आणि टॅन्जंट वाढतो. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. ३० अंशांपासून ६० अंशांपर्यंत टॅन्जंट तिप्पट होतो. स्प्रिंग अशी निवडा की ६० अंशांवर तिचा जोर ३० च्या मानाने एक तृतीयांश उरेल. दोन्ही टोकांना चाकावर सारखाच दाब, मध्ये ४५ ला तो सुमारे २३ टक्के जास्त. एवढा फरक चालतो. पट्टी १०० मिमीची असेल तर चाक त्रिज्येत ३७ मिमी सरकतं, कॉलर ७३ मिमी. तुमचा एल्बो, अण्णांचा शेड्यूल ८० आणि वेल्ड, सगळं त्यात बसतं.

फक्त ७५ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. तिथे टॅन्जंट उसळतो, अडथळा आला की हात मिटतच नाही, गाडी पाचर मारल्यासारखी बसते. कॉलरला स्टॉपर लावा.

लोहारकाम

तीन हातांना एकच कॉलर की तीन वेगळ्या? सगळी मेख त्यात आहे. एकच कॉलर म्हणजे गाडी आपोआप मधोमध राहते. पण एक चाक वेल्डवर चढलं की तिन्ही हात मिटतात, बाकी दोघांची पकड त्याच क्षणी जाते. तीन वेगळ्या केल्या तर प्रत्येक चाक आपापलं बघतं, पण आडव्या पाइपात गाडीच्या वजनाने खालच्या स्प्रिंगा बसतात आणि कॅमेरा खाली झुकतो.

मधुरा_के

एकच कॉलर ठेवा आणि चाकाच्या फोर्कमध्ये छोटी रबरी बुशी किंवा ५ मिमी सरकेल एवढी ताठ स्प्रिंग द्या. मोठा बदल कॉलर घेईल, वेल्डचा मणी बुशी घेईल.

लोहारकाम

बुशी तेलकट पाइपात फुगतात. स्प्रिंगच द्या. आणि वेल्डचं म्हणाल तर चाक मोठं करा, त्याला पर्याय नाही. ३ मिमीच्या मण्यावर २० मिमी त्रिज्येचं चाक चढवायला दाबाच्या ०.६२ पट ढकल लागते, १० मिमी त्रिज्येच्या चाकाला जवळजवळ १.०२ पट. गोल वेल्ड म्हणजे कड्यातली तिन्ही चाकं एकाच क्षणी आपटणार. पुढची चाकं स्वतःही ओढतात म्हणून कोरड्यात निभावतं, ओल्यात नाही. तिन्ही हात अक्षाच्या दिशेने पंधरा-वीस मिमी मागेपुढे बसवा, म्हणजे एका वेळी एकच चाक चढेल. फुकटचा उपाय आहे, पण ड्रॉइंगवर वाकडं दिसतं म्हणून कोणी करत नाही.

कोडकरी

हे आवडलं. +१.

गोल_गोल_राणी

कोणीच बोललं नाही म्हणून: गाडी पाइपात स्क्रूसारखी गोल फिरते का? चाक अक्षाला एक अंशाने जरी तिरकं असेल तर १० मीटर जाईपर्यंत गाडी जवळजवळ १०० अंश फिरते. कॅमेऱ्यात वर-खाली कळेनासं होतं आणि केबलला पीळ बसतो. फोर्कच्या पिनांची भोकं रीमरने साफ केलीत तर बराच फरक पडतो. गाडीत एक टिल्ट सेन्सर टाका.

सळई_सरळ

फिरते! आम्हाला वाटलं पाइपच वाकडा आहे.

अण्णा_फिटर

पाइपाला सगळेच बोल लावतात. :-)

नवशिका_पण_हौशी

एक शंका. चाकावर ५० न्यूटनच का? जास्त का नको?

त्रिज्या

गाडी आणि लटकणारी केबल मिळून ८ किलो धरा. उभ्या पाइपात ७८ न्यूटन उचलायचे. कोरड्यात घर्षणगुणांक ०.५ धरला आणि दुप्पट सुरक्षितता ठेवली तर सहा चाकांवर मिळून ३१४ न्यूटन दाब हवा, म्हणजे चाकामागे ५२. तेलकट पाइपात गुणांक ०.२ झाला की तोच आकडा १३१. तेवढा कायम ठेवलात तर रबर झिजतं, बेअरिंग बोंबलतं, वेल्ड चढताना दम निघतो. मोटरचं म्हणाल तर सेकंदाला १० सेंमी वेगाने ७८ न्यूटन म्हणजे फक्त ८ वॉट, गिअरबॉक्सची गळती वेगळी. पाइपाच्या गाडीत ताकद कधीच कमी पडत नाही, पकड कमी पडते.

लोहारकाम

त्यात केबलचा हिशोब आलेला नाही. एल्बोच्या आतल्या कोपऱ्याला केबल घासते, आणि प्रत्येक ९० अंशाला ताण गुणिला जातो, बेरीज होत नाही. गुणांक ०.३ असेल तर एका एल्बोला १.६ पट, चार एल्बोंना ६.६ पट. मागे ड्रमवर १० न्यूटनची ओढ असली तर चौथ्या एल्बोपुढे गाडीला ६६ न्यूटन ओढावे लागतात. सस्पेन्शनवर डोकं फोडण्याआधी ड्रम हाताने सैल सोडा आणि केबलचं कव्हर गुळगुळीत घ्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाने गॅसच्या ६ आणि ८ इंची लाइनींसाठी केलेल्या एक्सप्लोररने केबलच काढून टाकली होती, बॅटरी आणि वायरलेसवर चालायचा.

सळई_सरळ

मंडळी, अपडेट. कॉलर अक्षाच्या दिशेने केली, मऊ स्प्रिंग घातली, हात मागेपुढे बसवले. मोटरी वेगळ्या आहेतच, त्यांना वेगाऐवजी करंटवर टाकलं (कोडकरी, आभार. मधुराताई, डिफरन्शियल पुढच्या गाडीत). एल्बोत चाक सुटत नाही, किंचाळणं जवळपास थांबलं. आता टी-जॉइंटला नवी कटकट: फाट्याच्या तोंडावर एक हात रिकाम्या भोकात उघडतो आणि चाक कडेला अडकतं.

गोल_गोल_राणी

फाटा दोन हातांच्या मध्ये येईल अशी गाडी आधी फिरवून घ्या. दोन मोटरींच्या वेगात थोडा फरक ठेवून फिरवता येते का बघा, नाहीतर एका कड्याची चाकं मुद्दाम तिरकी करायची सोय हवी. आणि कॉलरचा स्टॉपर असा लावा की हात २२० मिमी व्यासाच्या पुढे उघडूच नये.

अण्णा_फिटर

स्टॉपरला अनुमोदन. पण मला यापेक्षा मोठी काळजी दुसरीच आहे. वीज गेली आणि गाडी आत अडकली तर बाहेर कशी काढणार? गिअरबॉक्स वर्मचा, म्हणजे चाकाकडून उलटा न फिरणारा, आहे का?

सळई_सरळ

हो, वर्म. उभ्या पाइपात वीज गेली तरी खाली येऊ नये म्हणून.

अण्णा_फिटर

म्हणजे चाकं लॉक. सहा चाकांवर ५०-५० न्यूटन, मिळून ३००. ओढताना घर्षणच १५० न्यूटन. बाहेरपर्यंत दोन एल्बो असले तर तुमच्या हाताशी ते ३८५ होतात, म्हणजे ४० किलोच्या जवळ. साधी सिग्नल केबल कनेक्टरमधून उपटून येईल आणि गाडी आतच राहील. केबलमध्ये अरामिडचा (ताण सोसणाऱ्या मजबूत धाग्याचा) दोर घ्या, आणि तो कनेक्टरला न बांधता थेट कॉलरला बांधा: केबल ओढली की आधी कॉलर मागे सरकून हात मिटले पाहिजेत, मग गाडी सरकली पाहिजे. उभ्या भागात मात्र हात मिटले की सगळं वजन दोरावर येणार, तेव्हा दोर त्या हिशोबाने जाड घ्या.

लोहारकाम

कॉलर दोन आहेत, अण्णा. पुढच्या कड्याचीही मागच्या दोराने ओढली पाहिजे, नाहीतर पुढचं कडं धरून बसेल. अंगाच्या मधून एक रॉड घालून दोन्ही कॉलर जोडा. स्प्रिंगा मात्र दोन्हीकडे वेगळ्याच ठेवा. रॉडला लांबट खाच द्या, म्हणजे एरवी दोन्ही कडी आपापली उघडतील-मिटतील आणि ओढल्यावरच एकत्र मिटतील.

सळई_सरळ

रॉडला जागा आहे, कॅमेऱ्याची वायर तिथून जाते ती बाजूने घेतो. खाच किती लांब ठेवू, कॉलरच्या पूर्ण ७३ मिमी सरकेइतकी?

लोहारकाम

तेवढी ठेवलीत तर ओढल्यावर पहिले ७३ मिमी नुसताच रॉड सरकेल. तुमच्या पाइपात कॉलर प्रत्यक्षात किती फिरते ते मोजा, शेड्यूल ८० पासून एल्बोपर्यंत, आणि त्यावर पाचेक मिमी जास्त.